भुईलगत विष्णुक्रांता

विष्णुक्रांता ही जमिनीला अंग टेकून वाढणारी, वर्षानुवर्षे त्याच मुळावर पुन्हा फुटणारी रानवनस्पती आहे. तिची उंची जेमतेम वीतभर. फांद्या मात्र चहूबाजूंनी हातभर पसरतात आणि पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत त्यांवर निळी फुले येत राहतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. रताळे, गारवेल आणि बिनपानांची अमरवेल ज्या कुलात मोडतात, त्याच कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी कुलातली ती आहे. या कुलातल्या बहुतेक वनस्पती वेली. काठी मिळाली की तिला पिळा घालत वर चढायचे, हा त्यांचा स्वभाव. विष्णुक्रांतेने तो सोडलेला आहे. शेजारी कुंपण असो की बोराटी, ती कशालाही विळखा घालत नाही. मुळापासून निघून सरळ जमिनीवरून चालू लागते. या प्रजातीत सुमारे शंभर जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडातल्या. त्या खंडाबाहेर आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण मुलखांत सर्वदूर पसरलेली जात म्हणजे ही विष्णुक्रांता. भारतात कोरड्या, उघड्या जमिनीवर ती जवळपास सगळीकडे सापडते. तरीही तिला ओळखणारी माणसे थोडी, कारण ती दिसते ती खाली वाकणाऱ्याला.

तिला जवळून पाहायला आपण मेहकरच्या शिवारात जाऊ. मेहकर हे बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले गाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या, लोणारजवळच्या मेहकरशी त्याची नेहमी गल्लत होते. हे मेहकर मांजरेच्या खोऱ्यातले, लातूर जिल्ह्याच्या हद्दीकडच्या टापूतले आहे. निजामाच्या राज्यात हा सगळा मुलूख एकाच बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, बिदर म्हैसूर राज्यात. कागदावर सीमा आली. शिवाराची माती, पाऊस आणि गवत दोन्ही बाजूंना तेच राहिले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि जोडीला थोडी दखनी, असा इथला रोजचा व्यवहार आहे.

या भागाच्या जमिनीचे दोन चेहरे आहेत. नदी-ओढ्यांच्या काठची जमीन काळी, भारी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय आत जाईल इतकी भेगाळते. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा आणि पाणी असेल तिथे ऊस, ही पिके या काळीतली. जमीन जसजशी उंचावत जाते तसतशी काळी पातळ होते, मुरूम वर येतो आणि बिदरच्या पठाराकडे गेले की पायाखाली तांबडा जांभा लागतो. बिदरचा किल्ला याच जांभ्यात उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे ते सातशे मीटर उंचीचा हा प्रदेश. वर्षाला सरासरी साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. उरलेल्या काळात उघड्या माळावर जगायचे म्हणजे ज्याच्या त्याच्या चिवटपणाची परीक्षा असते.

विष्णुक्रांतेची जागा या दुसऱ्या चेहऱ्यावर आहे. भारी काळीत पाणी तुंबते, तिथे ती रमत नाही. मुरमाड बरड, शेताचा धुरा, पायवाटेची कड, गायरान, विरळ रानातली झाडांमधली मोकळी जागा ही तिची ठिकाणे. भोवती कुसळी आणि मारवेल गवत, मधूनमधून तरवड, बोर, हिवर, आणि जिथे दगड जास्त तिथे सीताफळीची झुडपे. दक्षिणेकडे कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळीचे जंगल आहे. २०११ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथल्यासारखे कोरडे पानझडीचे रान हे या पठाराचे मूळ पांघरूण. शेती, चराई आणि सरपण यांनी ते बहुतेक ठिकाणी उतरवले आणि मागे झुडपी माळ राहिला. मोठी झाडे गेली, पण त्यांच्या पायथ्याशी वाढणाऱ्या काही वनस्पती माळावर तगून राहिल्या. विष्णुक्रांता त्या तगलेल्यांपैकी एक.

तिला नीट पाहायचे तर सकाळ हवी. मुळाचा वरचा भाग लाकडासारखा घट्ट आणि करंगळीपेक्षा बारीक असतो. त्यातून एकाच ठिकाणाहून अनेक काड्या निघतात. काही जमिनीवर पसरतात, काही टोकाशी जराशा उचलतात. काडी सुतळीपेक्षा बारीक. तिच्यावर लांब, मऊ, रेशमी लव. पाने लहान, एक-दोन सेंटिमीटरची, लांबट, जवळजवळ बिनदेठाची, आणि त्यांवरही तीच लव. या लवेमुळे सगळ्या झाडाला राखाडी झाक येते. दव पडलेल्या सकाळी प्रत्येक केसावर थेंब अडकलेला असतो आणि झाड हिरव्यापेक्षा रुपेरीच जास्त दिसते. ही लव निव्वळ शोभेची नाही. ती उन्हाचा काही भाग परतवते आणि पानालगतची हवा स्थिर ठेवते, त्यामुळे पानातले पाणी हळू उडते.

पानाच्या बगलेतून केसाएवढा बारीक, दोन-तीन सेंटिमीटरचा देठ निघतो आणि त्याच्या टोकाला एक फूल येते, क्वचित दोन-तीन. फुलाचा व्यास पाऊण ते एक सेंटिमीटर. पाच पाकळ्या एकमेकींना जोडून सपाट चकती झालेली. रंग स्वच्छ निळा, मधोमध पांढरट. काही झाडांवर फुले पूर्ण पांढरी असतात, पण ती थोडी. भिंग लावून पाहिले तर पाच पुंकेसर दिसतात आणि त्यांच्यामध्ये या वनस्पतीची खरी खूण दिसते: स्त्रीकेसराचे दोन धागे, आणि प्रत्येक धागा टोकाशी पुन्हा दुभंगलेला. म्हणजे एका इवल्या फुलात चार बारीक टोके. कुलातल्या इतर फुलांमध्ये ही मांडणी सहसा नसते, म्हणून शंका आली की इथे पाहावे. फूल ऊन चढल्यावर मिटू लागते आणि दुपारनंतर पुन्हा उघडत नाही. उद्याचे फूल वेगळे. दुपारी माळावर गेलेल्या माणसाला म्हणूनच नुसती मळकट हिरवी काडी दिसते आणि तो तिला तण समजून पुढे जातो. फळ म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढे गोल बोंड. ते वाळल्यावर चार फाकांनी उकलते आणि आतून जास्तीत जास्त चार गुळगुळीत, काळपट बिया पडतात.

तिचे वर्ष पावसाशी बांधलेले आहे. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की जुन्या मुळावर फुटवे येतात. श्रावण-भाद्रपदात फुले भरास येतात, आणि जिथे ओल टिकते तिथे पौषापर्यंत चालू राहतात. माघानंतर काड्या वाळू लागतात. चैत्र-वैशाखात वरचा भाग इतका वाळतो की झाड मेले असे वाटावे. जमिनीखालचे लाकडी मूळ जिवंत असते. गुरे वरचे चरतात, कोणी वाळलेल्या गवताला काडी लावतो, ऊन भाजून काढते. मूळ या सगळ्याच्या खाली असते आणि वाट पाहण्याची त्याची तयारी असते.

थंड देशांतल्या रानफुलांशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. युरोप-अमेरिकेच्या जंगलात जमिनीलगत फुलणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती पुष्कळ आहेत. वसंतात, वरच्या झाडांना पाने फुटण्याआधी, त्या घाईघाईने फुलून घेतात. कारण एकदा वरचे छत दाट झाले की खाली उजेड उरत नाही. दख्खनच्या पानझडी रानात नेमके उलटे आहे. इथे फेब्रुवारी ते मे झाडे उघडी असतात, जमिनीवर भरपूर ऊन पडते, पण त्या काळात पाणी नसते. उजेड असूनही फुलता येत नाही. पाऊस येतो तेव्हाच वरची पालवीही येते. म्हणून इथली भुईलगतची वनस्पती सावलीपासून पळत नाही. ती पाण्यामागे असते, आणि छत जिथे विरळ असेल तिथे, रानाच्या कडेला, वाटेच्या बाजूला, धुऱ्यावर जाऊन बसते. उत्तरेकडच्या पुस्तकांतून शिकलेली 'जंगलातले फूल म्हणजे सावलीतले फूल' ही समजूत घेऊन माळावर गेले तर विष्णुक्रांता सापडायची नाही.

जमीन झाकणारी वनस्पती करते काय, हे पावसाच्या पहिल्या सरीत कळते. वळवाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आपटतो. त्या आघाताने मातीचे ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात आणि मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात. वरती पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. वाहताना वरची, सर्वांत सुपीक माती घेऊन जाते. मुरमाड माळावर ही माती मुळातच बोट-दोन बोटे असते. ती गेली की मागे खडा राहतो. पसरट काड्यांचे एक विरळ जाळे थेंबाचा मार आधी स्वतःवर घेते, तुटलेला थेंब हलके खाली सोडते आणि वाहत्या पाण्याच्या वाटेत अडथळे ठेवते. त्या काड्यांशी पालापाचोळा अडतो, तिथे मुंग्या आणि वाळवी काम करतात, माती थोडी भुसभुशीत होते आणि पुढच्या पावसात तिथे गवताचे बी रुजते. विष्णुक्रांता एकटी हे सगळे करते असे नाही. गवत, रिंगणी, भुईआवळा आणि अशाच इतर बुटक्या वनस्पतींबरोबर ती हे करते. धुरा फुटू नये म्हणून माती-दगड टाकणारा शेतकरी धुऱ्यावरचा हा झाडोराही राखतो, तो अनुभवाने. खरवडून स्वच्छ केलेला धुरा पहिल्याच मोठ्या पावसात कसा खचतो हे त्याने पाहिलेले असते.

युरोपीय ग्रंथांत ही वनस्पती मलबारच्या वाटेने गेली. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडे याने केरळातल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या अकराव्या खंडात विष्णुक्रांता तिच्या मलबारी नावासकट आहे. या कामात इट्टी अच्युतन हा केरळी वैद्य होता आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी पंडितही होते. त्या तिघांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष कोकणी भाषेत, नागरी लिपीत ग्रंथाच्या आरंभी छापलेली आहे. नागरी अक्षरे छापखान्यातून बाहेर पडण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक आहे. पुढे १७५३ मध्ये लिनिअसने या वनस्पतीला कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीत घातले, आणि १७६२ मध्ये, ती इतरांसारखी पिळा घालत नाही हे लक्षात घेऊन, वेगळ्या प्रजातीत हलवले. तिच्या नावावर आज लिनिअसची मोहोर आहे. वैद्य आणि पंडितांनी ज्ञान पुरवले नसते तर ऱ्हीडेचे चित्र छापले गेले नसते, हेही त्याच नोंदीत मोजले पाहिजे.

मराठी घरांत विष्णुक्रांतेचे नाव वर्षातून एकदा हमखास उच्चारले जाते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत दूर्वा, बेल, शमी, आघाडा, माका, डोरली, मरवा, केवडा यांच्या जोडीला ती आहे. आंध्र-तेलंगणात विनायक चविती साजरी होते तिथल्या एकवीस पत्रींतही ती आहे. बिदर जिल्ह्याच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. इथे पश्चिमेला मराठी, पूर्वेला तेलुगू आणि सगळीकडे कन्नड. तिन्ही भाषांत या वनस्पतीचे नाव जवळजवळ एकच चालते. विष्णुक्रांता, विष्णुक्रांती, विष्णुक्रांतम एवढाच फरक. केरळात ती दशपुष्पांत मोडते. तिरुवातिरेच्या सणाला तिथल्या स्त्रिया ही दहा फुले केसांत माळतात. राज्यांच्या सीमा कुठेही आखा, दक्षिणेच्या सगळ्या घरांनी या वनस्पतीला देवघरापर्यंत आणलेले आहे.

पत्री गोळा करणे हा मुळात शिवार ओळखण्याचा पाठ होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुले आजीबरोबर धुऱ्याधुऱ्याने हिंडत. कोणते पान कुठे येते, कोणते हाताला चिकटते, कोणते खाजवते, हे त्या एका फेरीत कळे. आता तालुक्याच्या बाजारात पत्रीची जुडी विकत मिळते. जुडीत एकवीस पाने असतीलच असे नाही, आणि विष्णुक्रांतेच्या नावाने गोकर्णाचे पान खपून जाते. पूजा होते, ओळख होत नाही. नुकसान पूजेचे नाही, शिवाराचे आहे. ज्या झाडाला गावात कोणी नावाने ओळखत नाही, ते खुरपणीत सर्वांत आधी जाते.

औषधाच्या बाबतीत हीच गल्लत जास्त महाग पडते. चरकसंहितेत बुद्धी आणि स्मृतीसाठी चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी. यातली शंखपुष्पी कोणती, यावर देशात एकवाक्यता नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्ल्युरिकॉलिस ही जात मान्य केली आहे. उत्तर भारतात बहुतांशी तीच वापरतात. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी विष्णुक्रांता शंखपुष्पी म्हणून जाते, केरळात गोकर्ण, तर बंगालमध्ये कॅन्स्कोरा डेकसाटा नावाची वेगळ्याच कुलातली वनस्पती. प्रत्यक्ष समोर ठेवल्यावर मात्र त्या सहज वेगळ्या करता येतात. गोकर्ण ही चढणारी वेल; तिचे फूल वाटाण्याच्या घडणीचे, मोठे. कॅन्स्कोरा एकाच हंगामाची, ओलसर जागची, चौकोनी काडीची आणि पांढऱ्या फुलाची. कॉन्व्हॉल्व्ह्युलस विष्णुक्रांतेसारखी जमिनीवर पसरते, पण तिचे फूल मोठे, नरसाळ्याच्या आकाराचे, पांढरट-गुलाबी असते आणि त्यात स्त्रीकेसराचा धागा एकच. सकाळी ताजे फूल हातात असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. वाळवून कुटलेल्या चूर्णात यातले काहीच दिसत नाही, आणि बाजारात विकले जाते ते चूर्ण. विष्णुक्रांतेत इव्होल्व्हिन हे अल्कलॉइड आणि बीटेन आढळले आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने स्मरणावर चांगला परिणाम दिसल्याच्या नोंदी आहेत. एवढ्यावरून मुलांच्या परीक्षेसाठी कोणत्याही बाटलीतले सरबत पाजण्याचा निष्कर्ष निघत नाही. घ्यायचेच असेल तर वैद्याच्या देखरेखीखाली आणि वनस्पतीची खात्री करूनच घ्यावे.

बागेत विष्णुक्रांतेचे जे रूप आज दिसते ते तिचे स्वतःचे नाही. रोपवाटिकांत 'ब्ल्यू डेज' किंवा सरळ 'शंखपुष्पी' म्हणून जे कुंडीत विकतात ते इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस, मूळचे ब्राझीलचे. त्याची पाने जाड, फुले दुपटीहून मोठी आणि गडद निळी. शहरांतल्या रस्ता-दुभाजकांत, गच्चीच्या कडांना, बंगल्यांच्या पायऱ्यांशी ते हौसेने लावतात. कलमाने सहज वाढते, दिसते सुंदर, आणि अंगावर येईल इतके पसरतही नाही. म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करायचे कारण नाही. प्रजातीतली तिसरी जात, इव्हॉल्व्ह्युलस नुम्युलॅरियस, गोल पानांची आणि पांढऱ्या फुलांची, मूळ अमेरिकेची. पेराशी मुळे टाकत ती हिरवळीत घुसते आणि माळ्यांना तिचा वैताग असतो. खरी चिंता वेडेलियाची आहे. पिवळ्या फुलांची ही अमेरिकन वनस्पती जमीन झाकायला म्हणून सर्रास लावली जाते. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक परकीय जातींच्या यादीत तिचे नाव आहे. एकदा ओढ्याकाठी सुटली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही. शाळेच्या, मंदिराच्या, ग्रामपंचायतीच्या आवारात ती लावणे थांबवले पाहिजे. इथे सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही.

बिदरला बागेची परंपरा जुनी आहे. पंधराव्या शतकात अहमदशाह बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे आणली. किल्ल्यात सोळा खांब मशिदीजवळची लाल बाग आजही आहे. त्या बागांचा जीव पाण्याच्या पाटांत आणि कारंज्यांत होता. नौबादजवळ जांभा कोरून काढलेला करेज, म्हणजे भुयारी जलमार्ग, त्याच काळच्या पाणी-शहाणपणाची साक्ष देतो. पाणी आणून बाग फुलवण्याची ती कला थोरच होती. पण आज गावातल्या सामान्य घराच्या अंगणाला किंवा शाळेच्या कुंपणाला तेवढे पाणी मिळणार नाही, आणि मिळाले तरी ते हिरवळीवर घालावे असे दिवस नाहीत. चैत्रात टँकर लागणाऱ्या गावाने दुसऱ्या हवामानातली हिरवळ पोसू नये. माळावरची वनस्पती अंगणात आणण्याचे खरे कारण हे आहे. तिला इथले पाणी पुरते.

ती लावणे सोपे आहे, फक्त घाई चालत नाही. बोंडे पिवळट-तपकिरी झाली की ती उकलण्याआधी, कार्तिक-मार्गशीर्षात, खुडून कागदात वाळवावीत. बियांचे कवच कठीण असते आणि पाणी आत जाऊ देत नाही. या कुलाचा तो गुणच आहे. म्हणून पेरण्याआधी बिया बारीक पॉलिश-पेपरवर हलक्या घासाव्यात आणि रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. ज्या फुगल्या त्या उगवतात. जूनमध्ये मुरूम आणि माती सारख्या प्रमाणात मिसळून त्यात पेरावे. भारी काळी माती असेल तर आधी मुरमाचा थर देऊन जागा उंच करावी, पाणी साचू देऊ नये. शेणखत थोडेच, जास्त खताने काड्या लांबतात आणि फुले कमी येतात. रोपांत वीतभर अंतर पुरे. जागा उन्हाची हवी. सीताफळी किंवा बोरीची विरळ सावली चालते, आंब्याखालची दाट सावली चालत नाही. पहिल्या वर्षी गवत हाताने काढावे लागते, दुसऱ्या पावसाळ्यात जाळे जमते. रोज पाय पडणारी वाट सोडून कडेची जागा द्यावी, कारण हरळीसारखे तुडवणे तिला सोसत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला थोडे पाणी दिले तर काही हिरवे राहते. न दिले तर वाळते. वाळलेले झाड मेले समजून उपटू नये. ही चूक बागेत सर्वाधिक होते, आणि तिने चांगली रुजलेली मुळे फुकट जातात. माळावरून मोठी झाडे खणून आणणेही टाळावे. लाकडी मूळ तुटते, झाड बागेत जगत नाही आणि माळावरचेही जाते.

माळावर आता तिला जागा कमी पडू लागली आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत दख्खनभर पसरले. उघडी, खरवडलेली जमीन दिसली की ते पहिल्यांदा तिथे येते आणि कंबरेएवढे वाढून खालच्या बुटक्या वनस्पतींचा उजेड बंद करते. शेतात मजूर मिळेनासे झाले, तसे खुरपणीच्या जागी तणनाशक आले. खुरप्यातून मूळ वाचायचे, फवारणीतून वाचत नाही. फवारा पिकापुरता राहत नाही, धुऱ्यावरही मारला जातो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माळाकडे पाहण्याची सरकारी नजर. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमिनीची गणती पडीकमध्ये होते. मराठीत ज्याला गायरान म्हणतात आणि कर्नाटकच्या दप्तरात ज्याची नोंद गोमाळ अशी असते, ती जमीन कशालाही देऊन टाकायला मोकळी समजली जाते. कधी तिथे वृक्षारोपण म्हणून एकाच जातीची परकी झाडे लावली जातात, आणि खड्डे खणताना माळाचे सगळे पांघरूण उलटेपालटे होते. ज्या जमिनीवर गुरे चरतात, शेळ्या जगतात, पाणी मुरते, औषधी मुळे टिकतात आणि काळवीट फिरते, ती पडीक नाही. तिला पडीक म्हणणे चूक आहे आणि ती चूक नकाशावरच दुरुस्त व्हायला हवी.

गावपातळीवर यासाठी मोठी योजना लागत नाही. धुऱ्यावर तणनाशक मारू नये. गायरानाचा एखादा तुकडा पावसाळ्याचे तीन महिने चराईला बंद ठेवावा, म्हणजे बी पडेल. शाळेच्या आवारात दोन वाफे या मातीतल्या बुटक्या वनस्पतींचे करावेत आणि मुलांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर, फुले उघडी असताना, ती पाहावीत. चतुर्थीला पत्री विकत घेण्याऐवजी घरातल्या जाणत्या माणसाबरोबर मुलांना शिवारात पाठवावे. विष्णुक्रांता सापडली तर शेंड्याकडची दोन-चार पाने खुडावीत. झाड उपटू नये, मूळ जमिनीतच ठेवावे.